पोफळीचा तास

ग्रंथपाल म्हणून कॉलेजात रुजू झाले त्याच आठवड्यातली गोष्ट. लायब्ररीत एक खुर्ची कमी पडत होती. शिपाई म्हणाला, वरच्या मजल्यावर वनस्पतिशास्त्राची खोली आत्ता रिकामी असेल, तिथली आणा. मी गेले. आतून कसलाच आवाज येत नव्हता, म्हणून दार ढकलून सरळ आत शिरले आणि जागच्या जागी थांबले. वर्ग भरलेला होता. मुलंमुली बाकांवर बसलेली, आणि खिडकीशी एक उंच, किडकिडीत गृहस्थ खडू बोटांत फिरवत बाहेर बघत उभे. कोणी हूं की चूं करत नव्हतं. मला वाटलं, कुणीतरी गेलंय आणि श्रद्धांजली चालू आहे. मीही मुकाट्यानं मान खाली घालून उभी राहिले. बराच वेळ गेला. मग ते गृहस्थ माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "बाई, जरा थांबा हं. मागच्या बाकावरून उत्तर येतंय."

उत्तर आलं आणि ते चुकीचं होतं. गृहस्थांना त्याचा आनंदच झाला असावा, कारण त्यांनी ते जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागले. मी खुर्ची न घेताच खाली आले. हे आमचे दातार सर.

प्रश्न विचारायचा आणि थांबायचं, ही त्यांची शिकवण्याची पद्धत. थांबायचं म्हणजे खरोखर थांबायचं. आपण सगळे प्रश्न विचारतो आणि समोरच्यानं तोंड उघडायच्या आत उत्तरही देऊन टाकतो. मी तर स्वभावानं घायकुतीची. मला दातार सरांच्या वर्गात बसवलं असतं तर मी पहिल्या तासालाच ओरडले असते. सरांना मात्र कशाचीच घाई नसे. ते दिवेआगरचे. घरची पोफळीची वाडी. रोज सकाळी स्कूटरवरून दिघीला यायचे, तिथून फेरीबोटीनं स्कूटरसकट खाडी ओलांडून मुरूडच्या बाजूला, आमच्या कॉलेजात. फेरी पलीकडच्या काठाला असली तर चडफडून ती अलीकडे येत नाही, हे त्यांना जन्मापासून माहीत होतं. वर्गात कोणी चुळबूळ केली तर ते म्हणायचे, "घाई काय आहे? फेरी अजून पलीकडेच आहे." मुलंही मग निवांत व्हायची. जर्नलं तपासायची तीही फेरीवरच. त्यामुळे मुलांच्या जर्नलांना डिझेलचा आणि सुक्या मासळीचा वास यायचा, आणि त्याबद्दल मुलांच्या आया तक्रार करायच्या.

वाडी पोफळीची, पण सुपारीचं खांड सरांनी कधी तोंडात टाकलं नाही. खिशात मात्र सदैव काहीतरी असायचं. एखादं किडलेलं पान, शेवाळं, कुठल्यातरी वेलीची गाठ. लायब्ररीतून नेलेलं पुस्तक परत आलं की त्यात हमखास दोनचार पानं दाबून ठेवलेली सापडायची. मी यावरून त्यांना चांगलं झापलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढच्या वेळी पुस्तकातल्या प्रत्येक पानाखाली त्याचं नाव लिहिलेली चिठ्ठी ठेवून पुस्तक परत केलं.

कॉलेजात अंगठ्याच्या हजेरीचं यंत्र आलं तेव्हा पहिली पंचाईत सरांची झाली. वाडीत काम करून करून बोटांवरच्या रेषा झिजल्या होत्या, त्यामुळे यंत्र त्यांना ओळखायलाच तयार नसे. पुन्हा प्रयत्न करा, असं ते म्हणायचं. सर म्हणायचे, "करतो." त्यांच्यामागे आम्ही सगळे रांगेत खोळंबलेले, आणि हे यंत्राशी इतक्या सभ्यपणे बोलतायत की ऐकणाऱ्याला वाटावं, पहिल्या वर्षाचा एखादा बुजरा मुलगा समोर आहे. यंत्रणेवर ते कधी चिडले नाहीत. पोर्टल आलं, क्रेडिट आले, दर महिन्याला नवा तक्ता भरायला आला. आम्ही स्टाफरूममध्ये सरकारपासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांचा उद्धार करायचो. सर चष्मा कपाळावर चढवून तक्ता भरून मोकळे व्हायचे.

टाळेबंदीत ऑनलाइन वर्ग सुरू झाले तेव्हा मात्र मजा आली. सरांनी पहिल्याच तासाला प्रश्न विचारला आणि सवयीनं थांबले. इकडे मुलांच्या मोबाइलवर सर एकदम स्तब्ध. किनारपट्टीला नेट जातं हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं. मुलांना वाटलं, सरांचं नेट गेलं. एकेक करून सगळी बाहेर पडली आणि पुन्हा आत यायला बघू लागली. सर परत पडद्याकडे वळतात तो वर्ग रिकामा. हे पुढे कित्येक तासांना चाललं. शेवटी मुरूडच्या कोळीवाड्यातल्या एका मुलानं सुचवलं, "सर, गप र्‍हाल तवा निदान हात तरी हलवत र्‍हावा, म्हंजे आमाला कलंल तुमी हाव." तेव्हापासून सर प्रश्न विचारून झाला की कॅमेऱ्यासमोर खडू हलवत बसायचे. घरी खडू कशाला लागतो, असं मी विचारलं तर म्हणाले, हातात खडू नसला की मला थांबता येत नाही.

त्याच जूनमध्ये वादळ आलं. दिवेआगरचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. सरांच्या वाडीतल्या बहुतेक पोफळी गेल्या. कितीतरी आठवडे तिकडे वीज नव्हती, फोन नव्हता. कॉलेज उघडलं तेव्हा सर नेहमीसारखे स्कूटरवरून आले. कुणीतरी विचारलं, सर, किती झाडं गेली? सर म्हणाले, मोजली नाहीत. यापुढे ते त्यावर काही बोलले नाहीत आणि आम्हीही विचारलं नाही.

नंतरच्या वर्षांत मुलांच्या मोबाइलमध्ये सगळं लिहून देणारं यंत्र आलं. प्रकल्प एकदम सुंदर यायला लागले. भाषा अशी की आमच्या मराठीच्या प्राध्यापकांना न्यूनगंड यावा. स्टाफरूममध्ये रोज भांडण: प्रकल्प बंद करा, मोबाइल बंद करा, मोबाइलनं लिहिलेलं पकडणारं यंत्र विकत घ्या. दातार सरांकडे खाडीतल्या कांदळवनावरचा एक प्रकल्प आला. त्यात आमच्या खाडीकाठी सुंदरीची झाडं विपुल आहेत असं लिहिलं होतं. सर रागावले नाहीत. वर्गात म्हणाले, सुंदरी हे बंगालच्या बाजूचं झाड. आपल्याकडे मला तरी कधी दिसलं नाही, पण मी सगळी खाडी कुठे पाहिली आहे? तुम्हाला दिसलं असेल तर मला बघायचंय. आणि ओहोटी बघून सगळा वर्ग घेऊन निघाले. पोटऱ्यांपर्यंत चिखलात मुलं तिवर बघतायत, चिपी बघतायत, कांदळाची मुळं बघतायत, आणि सर प्रत्येक झाडापाशी थांबून मनापासून विचारतायत, हे का? खेकडे पायांवरून चाललेले. शेवटी ज्यानं प्रकल्प दिला होता तो म्हणाला, "न्हाय हाय सर हितं. मोबाइलनं लिवलं." सर म्हणाले, बरं, मग जे हाय ते लिहू. त्या मुलाला आज खाडीतलं प्रत्येक झाड ओळखता येतं, आणि पकडणारं यंत्र कॉलेजनं घेतलं ते नुसतं धूळ खात पडलंय.

या सगळ्यात सरांच्या हाताखाली एक मुलगी होती, नाझनीन मुकादम. मुरूडचीच, सरांची विद्यार्थिनी. एम.एस्सी. करून आली, पीएच.डी. केली, आणि वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवत राहिली. म्हणजे तास घेतला तर मानधन, सुट्टी लागली की घरी. आमच्याकडे निम्मा स्टाफ असाच आहे. जागा निघत नाहीत, निघाल्या तर मंजूर होत नाहीत. नाझनीनची सगळी भिस्त सरांच्या निवृत्तीवर होती, आणि हे ती उघड बोलायची. सरांच्या तोंडावर म्हणायची, "सर, तब्येत सांभाळा हां, पण साठ झाले की इथं थांबू नका." सर खूष होऊन हसायचे. सर गेले की त्यांची जागा रिकामी होणार, तिचा प्रस्ताव जाणार आणि तिला अर्ज करता येणार. तिचे अब्बा बोटीवर होते, ते पाय अधू होऊन घरी बसलेले. धाकट्या बहिणीचं शिक्षण चाललेलं. तिला ही जागा हवीच होती, आणि ती त्या जागेला लायकही होती. हे मी नुसतं तिच्या प्रेमापोटी म्हणत नाही. मी तिचे तास लायब्ररीच्या खिडकीतून ऐकलेत.

सरांचं शेवटचं वर्ष सुरू झालं आणि संस्थेला त्यांची एकदम किंमत कळली. एरवी कॉलेजात कुणाची किंमत निरोपसमारंभाच्या आधी कळत नाही. प्राचार्य म्हणाले, सरांचे तृतीय वर्षाचे सगळे तास चित्रित करायचे, पुढच्या पिढ्यांना उपयोगी पडतील, शिवाय कॉलेजच्या मूल्यांकनाला गुण मिळतील. लायब्ररीच्या मागची जुनी मासिकं ठेवायची खोली रिकामी करून तिथं स्टुडिओ झाला. हिरवा पडदा, दोन दिवे, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना अंड्यांचे ट्रे. कॅमेऱ्याचं बटण दाबायचं काम माझ्याकडे आलं, कारण आमच्याकडे जे काम कुणाचंच नसतं ते ग्रंथपालाचं असतं.

पहिल्या दिवशी सरांनी प्रश्न विचारला आणि खडू फिरवत थांबले. प्राचार्य धावत आले. सर, असं नाही चालणार, हे व्हिडिओ आहेत, बघणारा पळून जाईल, सलग बोला. सर म्हणाले, प्रयत्न करतो. आणि काय सांगू, तो माणूस सलग बोलायला लागला तर ऐकत राहावं. इतकी वर्षं मुलांना बोलू देण्यासाठी गप्प राहिलेला माणूस, त्याच्याजवळ केवढं साठलेलं होतं! इस्त्रीचा शर्ट घालून यायला लागले. केस विंचरून बसायचे. चित्रण झालं की माझ्या शेजारी बसून सगळं पुन्हा बघायचे आणि स्वतःवरच खूष व्हायचे. पुण्याला असलेली त्यांची मुलगी प्रत मागत होती, तिला म्हणाले, पूर्ण झाले की एकदम देतो. मला त्यांची गंमत वाटायची आणि बरंही वाटायचं. माणसाला आयुष्यात एकदा तरी आपण कसे दिसतो ते आवडावं.

एके दिवशी पोफळीचा तास झाला. धडा एकदल वनस्पतींच्या खोडाचा. पोफळीचं खोड आंब्यासारखं जाड होत जात नाही, खोडाला झालेली जखम भरून येत नाही, आणि वाढ होते ती फक्त शेंड्याच्या एका कोंबातून. तो कोंब गेला की झाड संपलं. एवढंच पुस्तकात आहे. सर ते सांगता सांगता वादळावर आले. सकाळी दार उघडलं तेव्हा आभाळ एकदम मोठं दिसत होतं, म्हणाले, तेवढं आभाळ मी घरातून कधी पाहिलंच नव्हतं. काही पोफळी आडव्या पडल्या होत्या. काही उभ्याच होत्या, पण शेंडे मोडलेले. मग पुढे म्हणाले, "मी जन्मभर मुलांना सांगत आलो की शेंडा गेला की झाड फुटत नाही. तरी पुढं कितीतरी दिवस मी सकाळी चहाचा कप घेऊन बाहेर यायचो आणि प्रत्येक झाडाच्या वर बघायचो. मला वनस्पतिशास्त्र येत होतं. तरी बघायचो."

मग त्यांनी घसा साफ केला आणि खोडाच्या आडव्या छेदाची आकृती काढायला घेतली. मी कॅमेऱ्यामागे रडत होते. हे त्यांनी वर्गात कधी सांगितलं नव्हतं आणि मला खात्री आहे, घरीही सांगितलं नसेल. सलग बोलायची सवय लागल्यामुळे ते तोंडातून निघून गेलं असावं.

दुसऱ्याच दिवशी प्राचार्य लायब्ररीत आले. तास बघून ते खरोखर भारावले होते. प्राचार्य वाईट माणूस नाही हो. प्रवेश घटतायत, जागा भरायला परवानगी नाही, वरून रोज एक नवं परिपत्रक. त्या खुर्चीत बसून कोण शहाणा राहील? ते सरांना म्हणाले, सर, तुम्ही आमची मोठी काळजी मिटवलीत. एवढे सुंदर तास आहेत म्हटल्यावर तुमच्या जागेचा प्रस्ताव पाठवायची आता घाई नाही. पुढच्या वर्षी थिअरी पडद्यावर दाखवू आणि मुकादम मॅडमना प्रॅक्टिकलपुरतं ठेवू. पैसेही वाचतील. एवढं बोलून सरांशी हात मिळवून ते निघून गेले.

सर काहीच बोलले नाहीत. तो खिडकीबाहेर बघत थांबायचा गप्पपणा नव्हता. मी इतक्या वर्षांत तसा चेहरा बघितला नव्हता.

नाझनीनला आठवड्याभरात कळलंच. प्रॅक्टिकलपुरतं म्हणजे मानधन निम्म्याहून कमी, आणि जागेचा विषय बंद. ती स्टुडिओच्या दारात आली. सर इस्त्रीच्या शर्टात पुढच्या तासाला बसलेले. तिनं आवाज चढवला नाही.

"सर, तुमचं छान झालं. तुम्ही गेलात तरी इथंच राहणार. मी इथं असूनही नसणार."

एवढं बोलून ती गेली. पुढे कितीतरी दिवस ती सरांशी बोलली नाही. समोरून सर आले तर जिन्यावरून परत फिरायची. तिला वाटलं, सरांना कौतुकाची भूल पडली. मला तिचा राग आला, आणि तिच्या जागी मी असते तर काय केलं असतं तेही मला कळत होतं. सरांनी तिला काही समजावायचा प्रयत्न केला नाही.

त्यानंतरच्या सोमवारी सर प्राचार्यांकडे गेले आणि सरळ सांगितलं की झालेले तास मला पसंत नाहीत, मी पुन्हा करतो. प्राचार्य म्हणाले, तुमची मर्जी, तुमचेच तास आहेत. मग सर माझ्याकडे आले आणि म्हणाले, बाई, आधीचं सगळं पुसा. एकही ठेवू नका.

मी एकेक पुसत गेले. सर शेजारी बसले होते. पोफळीचा तास आला तेव्हा माझा हात थांबला. मी म्हटलं, सर, हा राहू दे. माझ्या घरी ठेवते, कुणाला दाखवणार नाही. हा फार चांगला आहे.

"चांगला आहे म्हणूनच, बाई," ते म्हणाले.

मी पुसला. त्यांनी तो जाताना बघितला, चष्मा पुसला आणि स्कूटरची किल्ली शोधायला लागले. किल्ली त्यांच्या हातातच होती.

मग नव्यानं चित्रण सुरू झालं, आणि सर पुन्हा सर झाले. थोडं बोलायचे, प्रश्न विचारायचे, आणि खडू फिरवत गप्प. प्राचार्यांनी डोक्याला हात लावला. सर त्यांना एवढंच म्हणाले की मी असंच शिकवतो, उरलेलं वर्गात होतं. मी नुसतं बटण दाबून बसायची. खोटं कशाला बोलू, त्या शांततेत मी कितीतरी पुस्तकांना पुठ्ठे घातले.

वर्ष संपत आलं तसे संस्थेचे सेक्रेटरी स्वतः हे तास बघायला आले. पुढच्या वर्षी हेच तास बघणार होता तो द्वितीय वर्षाचा वर्ग पडद्यासमोर बसवला. नाझनीनला मागे उभं केलं आणि बोलायचं नाही अशी ताकीद दिली, म्हणजे व्हिडिओवर किती भागतं ते कळेल. मी प्रोजेक्टर चालवायला. पडद्यावर सर आले, थोडं बोलले, आणि विचारलं, "नारळाला छातीइतक्या उंचीवर खिळा ठोकला. झाड वाढलं. आता खिळा कुठं असेल?" आणि गप्प.

सेक्रेटरींना वाटलं, बिघाड झाला. ते माझ्याकडे बघायला लागले. मुलं मात्र सरांच्या हाताखाली तयार झालेली, ती शांतपणे विचार करत बसली. मग एक म्हणाला, झाडासंगं वर जाल. दुसरी वाडीतली मुलगी म्हणाली, नाही जाणार, आमच्या नारळावर चढायला खाचा पाडल्यात त्या आहेत तिथंच आहेत. झालं, वर्गात दोन तट पडले. पडद्यावरचे सर शांतपणे खडू फिरवतायत. मुलं त्यांनाच विचारायला लागली, सर, खरं काय? सर कसले सांगतायत. मग सर एवढंच म्हणाले, "आता एकमेकांना पटवा," आणि पुन्हा गप्प झाले.

आता सेक्रेटरींनाही राहवेना. कोकणातला माणूस, नारळाचा प्रश्न, आणि उत्तर माहीत नाही. ते मागे वळून म्हणाले, "मॅडम, खरं काय हो?"

नाझनीन म्हणाली, "सर, मला बोलायची मनाई आहे."

वर्ग हसला. सेक्रेटरीही हसले आणि म्हणाले, अहो बोला, बोला. नाझनीननं उत्तर दिलं नाही. तिनं त्यांनाच विचारलं की तुमच्या वाडीत नारळाला कुठं खिळा, हूक काही आहे का? सेक्रेटरी जरा आठवून म्हणाले, आहे, झोपाळ्याचा हूक, वडिलांनी लावलेला. मग ती थांबली. सरांसारखी, अगदी तितकी. सेक्रेटरी मान वाकडी करून आपली वाडी डोळ्यांसमोर आणत राहिले, आणि मग सावकाश म्हणाले, "होता तिथंच आहे की." मग ती पुढे आली, फळ्यावर शेंड्याचा कोंब काढला, आणि तास पुढे सुरू झाला. प्रोजेक्टर मी बंद केला तेव्हा कोणाच्या लक्षातही आलं नाही.

सेक्रेटरी जाताना प्राचार्यांना म्हणाले की व्हिडिओ ठीक आहेत, पण वर्गात माणूस लागेल. जागेचा प्रस्ताव त्याच महिन्यात गेला. नाझनीनचे तासही राहिले. ती सरांकडे गेली, काय बोलली ते मला माहीत नाही. पण दुसऱ्या दिवशी दोघं प्रयोगशाळेत डबा खात बसलेली दिसली. सरांनी तास मुद्दाम तसे केले एवढं तिनं ओळखलं होतं. पहिले तास कॉलेजच्या कपाटात कुठंतरी पडले असतील, असं ती धरून चालली. मी तिला काही सांगितलं नाही, कारण सरांनी सांगितलं नव्हतं.

सर निवृत्त झाले. निरोपसमारंभात चारजण त्यांच्याबद्दल बोलले आणि चौघांनीही त्यांच्या गप्प बसण्यावर विनोद केले. सरांनी आभार मानले आणि फेरीची वेळ झाली म्हणून निघून गेले. नवे व्हिडिओ मूल्यांकनात दाखवले गेले, त्यांचे गुण मिळाले आणि ते बंद झाले. प्रस्ताव मात्र इकडून तिकडे फिरत राहिला. कधी एक कागद कमी, कधी अधिकारी रजेवर. नाझनीननं आशा सोडली, पुन्हा धरली, असं कितीदा झालं. शेवटी या वर्षी जागा मंजूर झाली, मुलाखती झाल्या, आणि तिची नेमणूक झाली.

ते कळलं तसं ती लायब्ररीत आली, माझा हात धरला आणि म्हणाली, बाई, चला, आत्ताच्या आत्ता दिवेआगरला. आम्ही पेढे घेतले आणि फेरीनं पलीकडे गेलो.

घरात सरांच्या पत्नी, काकू होत्या; सर वाडीत होते. पंचा नेसलेले, अंगात जुना बनियन. थकले होते, पण हातात खुरपं होतं. वादळात गेलेल्या पोफळींच्या मधल्या जागांत त्यांनी नवीन रोपं लावली होती, ती आता चांगली डोक्याच्या वर गेली होती. नाझनीन वाकून त्यांच्या पाया पडली आणि म्हणाली, सर, झालं. सरांना एकदम समजलं नाही. समजलं तेव्हा ते विहिरीच्या कट्ट्यावर बसले. पेढा हातात तसाच धरून ठेवला. त्यांना फार आनंद झाला होता, चेहऱ्यावर सगळा दिसत होता. कायम का, पगार किती, अब्बा काय म्हणाले, सगळं विचारून घेतलं.

मग जरा वेळानं ते माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, आता भीती नाही म्हणून विचारतो. तो पोफळीचा तास. चुकून एखादी प्रत राहिली नाही ना कुठं?"

मी म्हटलं, "नाही सर. तुमच्यासमोरच पुसला."

"हो, ते आहेच. पुसायलाच हवा होता." त्यांनी पेढ्याचा कागद नीट घडी घालून खिशात ठेवायला बघितला, पण पंचाला खिसा नव्हता. "चांगला झाला होता पण तो."

नाझनीन त्यांच्याकडे बघत होती. मग तिनं माझ्याकडे बघितलं. मी हो म्हणून मान हलवली. ती तिथंच खाली बसली आणि ओढणीत तोंड खुपसून रडायला लागली.

रडणाऱ्या माणसासमोर उभं राहणं सरांना कधीच जमलं नाही. ते गडबडून उठले, अगं, आता काय झालं, आता तर सगळं झालं ना, असं काहीतरी पुटपुटले, आणि पंचा सावरत, काकूंना तीन कप चहा टाकायला सांगत, पोफळींमधून घराकडे निघून गेले.